धाकटीला ऐंशी

थोरलीच्या हातात ना सत्ता होती ना पैसा. होती ती एक लाल पेन्सिल, आणि त्या पेन्सिलीला चौऱ्याऐंशी आमदार वचकून असत.

घरी आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांची एक संघटना होती. अंथरुणाला खिळलेले आईबाप, नवरे, लेकरं यांना घरच्या घरी सांभाळणारी माणसं तिच्यात होती. यांच्या कामाला सुट्टी नाही, पगार नाही, आणि 'दमलात का' म्हणून विचारायला कुणी फिरकत नाही. या संघटनेत थोरली बारा वर्षं कामाला होती आणि दर वर्षी आमदारांना शंभरपैकी मार्क द्यायचं काम तिचं. निवडणूक आली की लोक तिचं पत्रक उघडून बघायचे, आपला आमदार किती मार्कांचा?

पद्धत सोपी होती. सभागृहात वर्षभरात शे-दीडशे मतदानं होतात, त्यातली आपल्या कामाची नऊ निवडायची. मतदानाच्या आधीच आमदारांना पत्र जायचं, की बाबांनो, यावर आमची बाजू अमुक, आणि हे मत आम्ही मोजणार आहोत. म्हणजे नंतर 'आम्हाला कुठे ठाऊक होतं' म्हणायची सोय नाही. आठ मतांना दहा-दहा मार्क, सगळ्यात महत्त्वाच्या एका मताला वीस. बाजूने दिलं तर पूर्ण, विरोधात दिलं तर शून्य, गैरहजर राहिलं तरी शून्य. पंच्याऐंशीच्या वर गेला त्याच्या नावासमोर 'सोबती' असा शिक्का.

पहिल्या वर्षी फार रडारड झाली. एकाने म्हणे चुकीचं बटण दाबलं. एकजण ऐन मतदानाला हात धुवायला गेला होता. एकाचं तर म्हणणं, मन बाजूनेच होतं, बोट तेवढं विरोधात गेलं. तेव्हा थोरलीने नियमांची वही घातली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'मत का दिलं ते आपण विचारत नाही. काय दिलं ते मोजतो.' तेव्हापासून सगळे सुतासारखे सरळ झाले.

सगळं ठीकच चाललं असतं, पण गेली सहा वर्षं त्या चौऱ्याऐंशीत एक तिची धाकटी बहीण होती.

थोरली धाकटीवर जळायची. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, ज्याला सख्खं भावंड आहे त्याने ओळखलंच असेल. लहानपणी दोघी एकदम आजारी पडल्या तर धाकटीचा ताप जास्त भरायचा. दोघींनी मिळून काच फोडली तर धाकटी इतकं गोड रडायची की मार थोरलीच्या वाट्याला. थोरली वर्गात पहिली आली की घरात म्हणत, 'हिचं काय, ही येतेच.' धाकटी काठावर पास झाली की शेजाऱ्यांना बोलावून चहा. असं करता करता दोघींनी पन्नाशी ओलांडली, केस पिकले, पण ही जळजळ काही पिकून गळून पडली नाही.

त्यातून आईचं दुखणं आलं. आई अकरा वर्षं अंथरुणावर होती, ती थोरलीच्या घरी, मागच्या खोलीत. थोरलीने बँकेतली नोकरी सोडली. संघटनेचं काम धरलं तेही घरी बसून करता येतं म्हणून. पहिली सहा पत्रकं तिने आईच्या खाटेशेजारी स्टूल टाकूनच केली. आईला थंड चमचा ओठांना लागला की ती तोंड मिटून घ्यायची. चमचा आधी गरम पाण्यात बुडवायचा, ही युक्ती सापडायला थोरलीला दोन महिने लागले होते. धाकटी दर शनिवारी यायची, हातात फळांची पिशवी आणि तोंडावर हसू. शेवटी शेवटी आईची ओळख गेली. थोरलीला ती 'अहो बाई' म्हणायची, पगारी बाईला म्हणावं तसं, आणि घास गिळता गिळता कौतुकाने सांगायची, "अहो बाई, शनिवारी माझी राणी यायचीय हं. घर जरा नीट ठेवा." राणी म्हणजे धाकटी. थोरली घर नीट ठेवायची.

आई गेली आणि वर्षाच्या आत धाकटी निवडणुकीला उभी राहिली. पहिल्याच सभेत तिने आईचं आजारपण सांगितलं. आईला चमचा गरम करून भरवावं लागायचं, हे तिने असं काही सांगितलं की अख्खी सभा रडली. थोरली रेडिओवर ऐकत होती. चमच्याची गोष्ट तिनेच फोनवर धाकटीला सांगितली होती, तीसुद्धा वैतागून. धाकटी निवडून आली, आणि पुढची पाच वर्षं तिने थोरलीकडून शंभरपैकी शंभर घेतले. दर वर्षी थोरली तिची नऊ मतं भिंगातून बघायची. एखादी गैरहजेरी, एखादं डळमळीत बटण. काही म्हणजे काही सापडायचं नाही. बहीण म्हणून पक्षपात नको, म्हणून धाकटीचे मार्क दुसरं कुणीतरी तपासायचं. तपासणारा म्हणायचा, "बरोबर आहेत हो, शंभरच." थोरलीला ते ठाऊक होतंच, तेच तर दुखणं होतं.

बाराव्या वर्षी वीस मार्कांचं मत होतं ते सेवा-रजा विधेयकाचं. घरी आजारी माणूस सांभाळावा लागला तर नोकरी न जाता लांब रजा मिळावी आणि ती वर्षं पेन्शनला धरली जावीत, एवढंच मागणं. ते कलमन् कलम थोरलीच्या हातचं होतं. सभागृहात मांडलं धाकटीने, आणि वर्तमानपत्रांत नाव आलं 'धाकट्या बाईंचं विधेयक' असंच.

मतदानाच्या दिवशी थोरली वर प्रेक्षकांच्या गॅलरीत होती. समोरच्या फलकावर प्रत्येक आमदाराच्या नावापुढे दिवा लागायचा, बाजूने दिलं तर हिरवा, विरोधात दिलं तर लाल. घंटा तीन मिनिटं वाजते, तेवढ्यात बटण दाबायचं आणि हवं तर बदलायचंही. अडीच मिनिटांनी फलकावर चाळीस बाजूने, बेचाळीस विरोधात. आपल्या बाजूचे दोघे त्या दिवशी तापाने घरी पडले होते. विधेयक गेलं, असं म्हणून थोरलीने डोळे मिटले. उघडले तर धाकटीच्या नावापुढचा हिरवा दिवा लाल झाला होता. एकोणचाळीस, त्रेचाळीस. गॅलरीत कुणीतरी "अगं बाई!" असं ओरडलं.

थोरली ओरडली नाही. तिला दोन क्षणांत उमगलं, कारण सभागृहाचे नियम तिला तोंडपाठ होते. पडलेलं विधेयक दहा बैठकांच्या आत पुन्हा एकदा मतदानाला आणता येतं, पण तशी मागणी जिंकलेल्या बाजूचा आमदारच करू शकतो. हरलेल्यांनी रोज उठून तेच तेच रडगाणं गाऊ नये म्हणून केलेला नियम. तेव्हा विधेयक पडतंय असं दिसलं की त्याचा कैवारी शेवटच्या क्षणी पलटतो, मुद्दाम विरोधात मत देतो, आणि जिंकलेल्यांत जमा होऊन पुन्हा मतदान मागतो. धाकटीने तेच केलं होतं. ती परत हिरव्यावर आली आणि आजारी दोघे उठून आले की बेचाळीस-बेचाळीस. बरोबरी झाली तर विधेयक पडतं; म्हणजे आणखी एकच माणूस वळवायचा.

धाकटीने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. थोरली दिसल्यावर खांदे उडवले आणि हसली. गेले माझे वीस मार्क, असं ते हसू होतं.

थोरलीने तोंड फिरवलं. अकरा वर्षं आपण झिजलो ते कुणाला दिसलं नाही, आणि हिने एक बटण दाबलं की लगेच त्याग! निदान त्यागाचं खातं तरी आपल्या नावावर राहील असं तिला वाटत होतं. तिथेही ही बया हजर.

संघटनेचं ऑफिस एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली यंत्र सुरू झालं की वर कपातला चहा हलायचा. अध्यक्षबाई मूळच्या नर्स. या पदावर येऊन त्यांना तीनच वर्षं झाली होती, आणि वॉर्डात बोलायची सवय असल्यामुळे त्या कुजबुजल्या तरी खाली छापखान्यात ऐकू जायचं.

"तुमच्या बहिणीचं काय करायचं हो?" त्यांनी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? विरोधात मत. शून्य. एकूण ऐंशी."

"अहो, पण ती का पलटली ते शेंबड्या पोरालाही कळतंय. तिनेच आणलेलं विधेयक!"

"वहीचं पहिलं पान वाचा," थोरली म्हणाली.

"वाचलंय. पण नावापुढे एखादा तारा टाकला तर? आणि खाली बारीक टीप, की पुन्हा मतदान मागता यावं म्हणून असं मत दिलं."

"बारा वर्षांत आपण असे तारे टाकलेले नाहीत."

हे खोटं होतं. पाचव्या वर्षी एक तारा टाकला होता, आणि तो थोरलीनेच. औषधांचं दुकान चालवता चालवता राजकारणात आलेले एक वयस्कर आमदार होते, सगळे त्यांना फार्मसीवाले म्हणत. त्यांनी आपलंच एक विधेयक वाचवायला अगदी असंच पलटून मत दिलं होतं. थोरलीने तेव्हा स्वतः त्यांच्या नावापुढे तारा काढला, स्वतः टीप लिहिली आणि पूर्ण मार्क दिले. ते पत्रक थोरलीच्या खुर्चीलगतच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात होतं. खण अर्धवट उघडा होता. थोरलीने तो पायाने आत ढकलला.

"मग असं करू," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पत्रकच दुसऱ्या मतदानानंतर काढू."

"तारीख ठरलेली आहे. एकीसाठी तारीख हलवली तर लोक म्हणतील, बहीण आहे ना, म्हणून."

यावर अध्यक्षबाईंनी हात टेकले. बहीण आहे म्हणून सूट नको, हे वाक्यच इतकं सज्जन की त्याच्या आड हत्ती लपला असता.

थोरलीने लाल पेन्सिलीने आकडा लिहिला. ऐंशी. शिक्का नाही. निवडणूक चार महिन्यांवर होती आणि धाकटीच्या भागात संघटनेचे लोक ढिगाने होते. शिक्का गेल्याने किती मतं जातील याचाही तिला अंदाज होता. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिने जरा वाट पाहिली. वाईट काही वाटेना. उलट ते ऐंशी पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं, इतका तो गोल गुटगुटीत आकडा दिसत होता.

पत्रक निघालं आणि भलतंच झालं. एका मोठ्या वर्तमानपत्राने अग्रलेखाच्या शेजारी चौकट छापली, 'सख्ख्या बहिणीलाही न सोडणारी बाई'. आजच्या काळात असा काटेकोरपणा दुर्मीळ, वगैरे. ऑफिसात फोन आले. बँकेतल्या जुन्या मैत्रिणीचं पत्र आलं. जन्मभर कुणी नुसतं 'छान केलंस' म्हणावं म्हणून जी झुरली, तिचं आता गावभर कौतुक, आणि तेही कशाबद्दल, तर आयुष्यात केलेल्या सगळ्यात हलकट कामाबद्दल. थोरलीने ती चौकट तीनदा वाचली. तिन्ही वेळा छान वाटलं.

नवरा सकाळी दाढी करता करता आरशातून म्हणाला, "अभिनंदन. पण ती का पलटली ते तुला ठाऊक होतं ना?"

"नियम म्हणजे नियम."

"हो, हो. मी काही म्हटलं नाही." त्याने गालावरचा फेस पुसला. तो निवृत्त भूगोलशिक्षक होता, वारा कुठून कुठे वाहतो हे त्याला कळायचं. "दुधाखालचा गॅस बंद केलायस ना? करपल्याचा वास येतोय म्हणून विचारलं."

स्वयंपाकघरात दूध तापतच नव्हतं. थोरली ऑफिसला निघून गेली.

धाकटीचा फोन दुपारी आला. थोरली तयारीतच होती. धाकटी ओरडेल, मग आपण ओरडू, मग चाळीस वर्षांचं सगळं बाहेर काढू, असा तिने बेतच केला होता.

"ताई, पत्रक बघितलं," धाकटी म्हणाली. "बरोबर केलंस तू. मी आमच्या लोकांना तेच सांगितलं, की ताईला बोलायचं नाही, तिचा नियम आहे. आणि वर्तमानपत्रात वाचलं गं! किती छान लिहिलंय तुझ्याबद्दल."

"तुझा शिक्का गेला," थोरली म्हणाली.

"जाऊ दे. विधेयक झालं की शिक्क्याचं बघू. तू जेवलीस का?"

थोरलीने फोन ठेवला. भांडली असती तर निदान बरोबरीत आलो असतो. ही तर भांडणातही जिंकून गेली, न भांडता.

पुढच्या आठवड्यात मात्र वारं फिरलं. विधेयकाच्या विरोधकांनी ते पत्रक हातात घेतलं आणि सभागृहाच्या व्हरांड्यांतून फिरवलं. बघा, म्हणाले, हिच्या सख्ख्या बहिणीने हिला शून्य दिलंय. घरच्या माणसाला आतलं माहीत असतं. हिने आतून सौदा केलाय, दुसऱ्या मतदानाआधी ही पेन्शनचं कलम काढून टाकणार. धाकटी शपथेवर सांगत होती, पण राजकारणातल्या शपथेला विचारतो कोण? अध्यक्षबाई रोज संध्याकाळी हिशेब मांडायच्या. आजारी दोघे बरे होऊन आले, बेचाळीस पक्के झाले. त्रेचाळिसावा काही केल्या मिळेना. थोरली ऐकायची आणि कागद सरळ करत बसायची. आपण लिहिलेलं विधेयक आपल्याच पत्रकाने बुडतंय हे तिला दिसत होतं. तोंड उघडायचं म्हणजे धाकटी खरी आणि मी खोटी, असं स्वतःच्या जिभेने म्हणायचं. तेवढं तिला जमत नव्हतं.

दुसऱ्या मतदानाच्या दिवशी ती जरा लवकरच सभागृहात पोचली. गॅलरीच्या जिन्याशी लाकडी बाक होतं, त्यावर फार्मसीवाले बसले होते. पहिल्या वेळी त्यांनी विरोधात मत दिलं होतं. थोरलीला बघून ते उठले. उंच, वाकलेला, दोन चष्मे लावणारा माणूस. एक डोळ्यांवर, एक कपाळावर.

"तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले. "बसा. एकच प्रश्न आहे, खरं उत्तर द्या. माझ्या दुकानात तीन माणसं. त्यातला एक लांब रजेवर गेला तर मी बुडालो, म्हणून मागच्या वेळी विरोध केला. तुमच्या बहिणीने मला शब्द दिलाय की छोट्या दुकानांना बदली माणसाचा खर्च सरकार देईल, आणि पेन्शनच्या कलमाला हात लागणार नाही. म्हणजे आता सगळं तिच्या शब्दावर."

"मग?"

"मग हे." त्यांनी कोटाच्या खिशातून पत्रक काढलं. "पाचव्या वर्षी मी असाच पलटलो होतो. तुम्ही मला तारा दिला होतात. आठवतंय? मी तो कापून दुकानात लावलाय. यंदा ती पलटली तेव्हा मला वाटलं, हीसुद्धा विधेयक वाचवायला पलटली. पण तारा नाही! मग म्हटलं, या बाई चुकायच्या नाहीत. मला परक्याला तारा देतात आणि सख्ख्या बहिणीला देत नाहीत, म्हणजे यांना काहीतरी माहीत आहे. काय माहीत आहे तुम्हाला?"

जिन्यावरून माणसं वर जात होती. थोरलीला वाटलं, म्हणावं, नियम बदललाय. ते लगेच पटलं असतं. तिचं काहीही पटत होतं सध्या. तिने तोंड उघडलंही.

"काही माहीत नाही," ती म्हणाली. "ती विधेयक वाचवायलाच पलटली. तिचा शब्द खरा आहे. ती शब्द मोडत नाही, लहानपणापासून नाही. तिला तारा द्यायला हवा होता, मी दिला नाही."

"विसरलात?"

"नाही. मुद्दाम."

फार्मसीवाल्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "का हो?"

"मी जळते तिच्यावर," थोरली म्हणाली. हे वाक्य तिने आजवर कधी एकटीनेसुद्धा उच्चारलं नव्हतं, आणि ते इतकं छोटं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. "आईला मी सांभाळलं आणि नाव तिचं झालं. विधेयक मी लिहिलं आणि नाव तिचं झालं. म्हणून."

म्हाताऱ्याने खिशातून छोटी वही आणि पेन काढलं. "लिहून द्या."

"काय?"

"मघाचं पहिलं. तारा द्यायला हवा होता, मुद्दाम दिला नाही. खाली सही. चाळीस वर्षं दुकान चालवलंय मी, तोंडी सांगितलेलं औषध देत नाही. चिठ्ठी लागते." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "जळण्याचं नका लिहू. त्यावर आमच्याकडेही काही नाही."

थोरलीने लिहिलं. उद्या हेच अध्यक्षबाईंना लिहून द्यावं लागणार होतं आणि परवा वर्तमानपत्राला. चौकटीच्या जागी दुसरी चौकट येणार, नोकरीही कदाचित जाणार. सही करताना अक्षर तिचं नेहमीसारखंच आलं, गोल आणि स्वच्छ.

गॅलरी भरलेली होती. दाराशी पाटी होती, की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवू नयेत. थोरली मागच्या रांगेत जाऊन बसली. खाली फार्मसीवाले धाकटीच्या बाकाशी गेले आणि त्यांनी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. धाकटीने वाचली. पुन्हा वाचली. विरोधकांची तोंडं बंद करायला तो एक कागद पुरेसा होता. उभं राहून वाचून दाखवायचा, की झालं. थोरलीने समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. वाचेलच ती. आपण असतो तर वाचलाच असता.

धाकटीने चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि उभी राहिली.

"माझ्या बहिणीने मला शून्य दिलं," ती म्हणाली, "यावरून बरंच बोललं गेलं. तिचा माझ्यावर राग आहे आणि तो खरा आहे. सौदाबिदा काही नाही. राग कशाचा ते मी सांगते. सहा वर्षं मी इथे उभी राहून आईच्या सेवेच्या गोष्टी सांगितल्या. त्यातलं मी काहीच केलेलं नाही. अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर वळवताना आधी खांदा धरायचा की कंबर, हे मला आजही ठाऊक नाही. ते माझ्या बहिणीला ठाऊक आहे. तिने अकरा वर्षं दर दोन तासांनी आईला वळवलं. नोकरी सोडली. मी पाहुणीसारखी जायचे आणि आयत्या गोष्टी घेऊन यायचे. हे विधेयकही तिचं आहे, शब्दन् शब्द. मी फक्त वाचून दाखवलं. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर ठेवू नका. तिच्यावर ठेवा."

ती खाली बसली.

अकरा आणि सहा, सतरा वर्षं थोरली हेच ऐकायला थांबली होती. असंच, भर सभेत, माईकवर, धाकटीच्या तोंडून. आणि आता ते आलं तर तिने पाहिलं, लोक तिच्यासाठी रडत नव्हते. सगळे धाकटीकडे बघत होते. पुढच्या रांगेतला एक दांडगा माणूस रुमालात तोंड खुपसून म्हणत होता, "काय बोलली! काय बोलली!" थोरलीचे खांदे, थोरलीची कंबर, थोरलीचे दर दोन तास, आणि मोठं झालं पुन्हा धाकटीचंच मन.

घंटा वाजली. दिवे लागू लागले. चाळीस. बेचाळीस. फार्मसीवाल्यांनी दोन्ही चष्मे सारखे केले आणि बटण दाबलं. त्रेचाळीस बाजूने, एक्केचाळीस विरोधात.

पाटी-बिटी कुणी बघितली नाही. अख्खी गॅलरी उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. थोरली तेवढी बसून होती. विधेयक झालं होतं. तिच्यासारख्या हजारो जणींना आता नोकरी सोडावी लागणार नव्हती, आणि ते तिने केलं होतं, त्या जिन्याखालच्या बाकावर. तिला आनंद झाला होता, अगदी खरा. पण त्या आनंदाच्या बुडाशी ते जुनं काहीतरी अजून तसंच धुमसत होतं, आणि आता ते विझायचं नाही हेही तिला कळलं.

शेजारी एक बाई उभी होती. हात धुऊन धुऊन बोटांची सालं गेलेली, म्हणजे संघटनेतलीच कुणीतरी, घरी कुणालातरी झोपवून आलेली. तिचे डोळे वाहत होते.

"काय बाई आहे हो!" ती थोरलीकडे वाकून म्हणाली. "स्वतःचं उणं असं चारचौघांत सांगायचं म्हणजे केवढं मन लागतं. त्या बहिणीनं नशीब काढलं बघा."

खाली धाकटी मान वर करून गॅलरीत कुणाला तरी शोधत होती.

"काढलं खरं," थोरली म्हणाली. मग ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली.